जिन्यावरचा लाल ठिपका

आम्हाला समाजशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम वर्गात प्रश्न विचारायच्या आधी परवानगी घ्यायच्या. बोट रोखून "तू सांग" असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. जवळ येऊन, मान थोडी वाकवून म्हणायच्या, "तुला एक विचारू का?" आणि समोरचा "नको" म्हणाला तर खरंच विचारायच्या नाहीत. "बरं. तुझा हक्क आहे," म्हणून पुढच्या बाकाकडे जायच्या. पहिल्या आठवड्यात मागच्या बाकावरच्या पोरांना याची फार गंमत वाटली. सगळे रांगेनं "नको, मॅडम" म्हणायचे. पंधरा दिवसांनी त्यांच्यातलाच एकजण तक्रार करायला लागला, "मॅडम, तुम्ही मला विचारतच नाही!" मॅडम म्हणाल्या, "अरे, तूच नको म्हणालास. मी वाट बघतेय." तेव्हापासून कॉलेजात त्यांचं नाव 'विचारू का मॅडम' पडलं.

त्यांच्याबद्दल मला नीट लिहिता येईल का, हे मला माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. आईवडील नाशिकजवळ मखमलाबादकडे झेंडू आणि शेवंती करतात, पहाटे मार्केटला नेतात. घरी पुस्तक म्हणजे शाळेचं, एवढंच ठाऊक होतं. समाजशास्त्र हा विषय मी घेतला तो दुसऱ्या विषयाच्या जागा भरल्या होत्या म्हणून.

पहिल्याच तासाला मॅडमनी व्याख्या सांगितली नाही. म्हणाल्या, "वह्या उघडा आणि आत्ता वर्गात कोण कुठे बसलंय त्याचा नकाशा काढा." आम्हाला वाटलं, हा काहीतरी खेळ आहे. काढून झाल्यावर बघितलं तर डावीकडे मुली, उजवीकडे मुलं. पुढे गंगापूर रोडच्या, स्कूटीवरून येणाऱ्या मुली. मागे आम्ही, एसटीनं येणाऱ्या. त्यातही भिंतीकडेच्या बाकांवर एकाच वस्तीतली पोरं. मॅडमनी विचारलं, "इथं असं बसा म्हणून तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही, मॅडम."

"हो ना? म्हणूनच हा विषय आहे."

त्या दिवशी एसटीत मी कोण उभं आहे आणि कोण बसलंय तेच बघत घरी आले. घरात शिरले आणि कोण आधी जेवतं, कोण शेवटी, ते दिसायला लागलं. इतकी वर्षं ते समोरच होतं. मी आईला म्हटलं, "तू नेहमी शेवटी का जेवतेस?" आई तवा खाली ठेवत म्हणाली, "लय शानी झाली का? कॉलेजात हेच शिकवत्या का तुला?" मी चिडले, वडिलांसमोर आवाज चढवला, आणि वडील एवढंच म्हणाले, "असलं शिकायचं आसंल तर घरी बसलेलं बरं."

दुसऱ्या दिवशी हे मॅडमना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, त्या शाबासकी देतील. त्या घाबरल्या. "असं करू नकोस गं," म्हणाल्या. "समाजशास्त्र घेतलेल्या पोरी पहिल्या महिन्यात घरी भांडतात आणि दुसऱ्या महिन्यात कॉलेजला यायच्या बंद होतात. मी बघितलंय. तू आधी पदवी घे. नुसतं बघत राहा, लिहीत राहा." मग त्यांनी विचारलं, "वडील फार रागावले का?" माझ्या वडिलांची भीती त्यांच्या मनात तेव्हापासून राहिली असावी. मला ते फार उशिरा कळलं.

मॅडमच्या खांद्याला एक कापडी पिशवी असायची. त्यात आमच्या वह्या, दुसऱ्या कॉलेजच्या वह्या आणि स्टीलचा डबा. दिवसाला त्या दोन कॉलेजं करायच्या, मधलं अंतर सिटी बसनं. तास संपला की जवळजवळ पळत निघायच्या. आम्हाला वाटायचं, त्यांना घाईची सवयच आहे. त्या तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे जेवढे तास तेवढीच नोकरी आणि दर जूनला ती नव्यानं मिळायची किंवा नाही, हे आम्हाला माहीत नव्हतं. चौदा वर्षं त्या अशा शिकवत होत्या. वर्गात मात्र त्यांच्याइतकं स्वतःच्या जागेवर असलेलं माणूस मी पाहिलं नाही.

दुसऱ्या वर्षी त्यांनी आम्हाला पाहणी करायला सांगितलं. विषय आम्हीच निवडला, आपल्या कॉलेजात कोण कुठे बसून डबा खातं. मॅडम खूश झाल्या. त्यांची अट एकच होती, "ज्याच्याबद्दल लिहाल त्याला आधी विचाराल. तो नको म्हणाला तर रिकामी जागा सोडाल." आम्ही पाचजणींनी पंधरा दिवस सगळं कॉलेज पालथं घातलं. कायम शिक्षक स्टाफरूममध्ये. क्लार्क लोक कार्यालयाच्या आतल्या खोलीत. शिपाई पार्किंगच्या मागे. वॉचमन काका गेटवरच, उभ्या उभ्या. झाडणाऱ्या मावशी नळापाशी, जमिनीवर. मी त्यांना विचारलं, "मावशी, लिहू का?" तर एक मावशी हसून म्हणाली, "लिही की. पण नळ गळतो ते बी लिही." तेही लिहिलं.

एक दिवस दुपारी मी तिसऱ्या मजल्यावरून गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यावर गेले. तो जिना कोणी वापरत नाही. वरच्या पायरीवर मॅडम बसल्या होत्या. मांडीवर डबा, शेजारी आमच्या वह्या. एका हातानं खात होत्या, दुसऱ्या हातानं पानं उलटत होत्या. त्यांनी मला पाहिलं नाही. मी चप्पल हातात घेऊन खाली उतरले.

का कुणास ठाऊक, मला रडायला आलं. स्टाफरूममध्ये त्यांना कोणी येऊ नका म्हटलं नव्हतं. पण तिथल्या खुर्च्या ठरलेल्या होत्या, हे आम्ही पाहणीत लिहिलंच होतं.

नकाशा मी काढला, कारण माझं अक्षर बरं होतं. मोठ्या कागदावर कॉलेजच्या इमारती आणि जिथं जिथं डबा खातात तिथं रंगीत ठिपके. संध्याकाळी मॅडमनी तो तपासला, खाली सही केली. तासिकेवरच्या शिक्षकांचा ठिपका त्यात कुठेच नव्हता. रात्रभर मला वाटत राहिलं की हे खोटं झालं. जे कुणाला दिसत नाही ते आधी टिपा, असं त्याच सांगायच्या. आणि मग त्यांनाच वगळायचं? सकाळी भित्तीपत्रक लावायच्या आधी मी लाल स्केचपेन काढला आणि गच्चीच्या जिन्यावर एक ठिपका दिला. बाजूला लिहिलं, 'समाजशास्त्राच्या मॅडम, एकट्या.' मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे म्हणून.

त्याच दिवशी कॉलेजात तपासणी समिती यायची होती. भित्तीपत्रक त्यासाठीच दर्शनी भिंतीवर लावलं होतं. मॅडम आल्या, आमच्या घोळक्यात उभ्या राहून नकाशावरून बोट फिरवत म्हणाल्या, "छान केलंत गं." बोट नळापाशी आलं तेव्हा हसल्या. मग बोट जिन्यावर आलं आणि थांबलं. ओढणी सारखी केली, म्हणाल्या, "बेल झाली. चला वर्गात." त्या तासाला त्यांनी कुणालाच प्रश्न विचारला नाही. दुपारी भिंत रिकामी होती. तोवर पोरांनी फोटो काढून ग्रुपवर टाकले होते. मॅडमना प्राचार्यांनी बोलावल्याचं शिपाईमामांनी सांगितलं. आत काय झालं ते कुणाला कळलं नाही.

उरलेले महिने त्यांनी नेहमीसारखंच शिकवलं. मला वाटलं, निभावलं. जूनमध्ये वेळापत्रक लागलं तेव्हा समाजशास्त्रासमोर दुसरं नाव होतं. कार्यालयात विचारलं तर क्लार्क म्हणाले, "यंदा त्यांना नेमणुकीची ऑर्डर नाही." मैत्रिणी म्हणाल्या, "तासिकेवाल्यांचं असंच असतं गं, तू का मनाला लावून घेतेस?" तो ठिपका मी कुणाला न विचारता दिला हे त्यांनाही माहीत नव्हतं.

पदवीचं शेवटचं वर्ष मी त्या गोष्टीसकट काढलं. मॅडमना फोन करायला मोबाइल पन्नास वेळा हातात घेतला. मागच्या वर्षी एम.ए.ला प्रवेश मिळाला आणि मग मात्र राहवेना. वॉचमन काकांकडून कळलं की मॅडम इगतपुरीच्या एका शाळेत आहेत, सकाळच्या गाडीनं जातात. मी दोन दिवस सकाळी नाशिक रोड स्टेशनवर जाऊन थांबले. दुसऱ्या दिवशी त्या दिसल्या. तीच पिशवी. केस बरेच पांढरे झालेले.

"अगं तू! इकडे कुठं?"

"तुमच्यासाठीच आले, मॅडम. तो ठिपका मी दिला होता."

त्यांनी पिशवी बाकावर ठेवली. "माहीत आहे. नकाशा शेवटी तुझ्याकडेच होता."

"मग सांगितलं का नाही? प्राचार्यांनी विचारलं असेल ना?"

"विचारलं. मी म्हटलं, मीच सांगितलं द्यायला."

"का पण, मॅडम?"

"तुझं नाव घेतलं असतं तर तुझ्या वडिलांना बोलावलं असतं. ते मार्केट सोडून आले असते एकदा. नंतर तू आली असतीस का कॉलेजला?"

मला उत्तर माहीत होतं. त्यांनाही.

"तू मावशींना विचारलंस, काकांना विचारलंस," त्या हळूच म्हणाल्या. "मला नाही विचारलंस."

"तुम्ही आमच्याच होतात, मॅडम."

"म्हणूनच राहिलं ते. आपल्या माणसाला विचारायचं कुणाला सुचत नाही." त्या रुळांकडे बघत होत्या. "तो जिना मी घरीसुद्धा सांगितला नव्हता गं. सासरे कॉलनीत सांगायचे, आमची सून प्रोफेसर आहे. शेजारच्या मुलीच्या फोनवर त्यांनी तो फोटो बघितला. चार दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, आम्हाला सांगायचंस तरी."

"चुकलं माझं, मॅडम."

"हो, चुकलं," त्या म्हणाल्या. इतकं सरळ मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. "नकाशा खरा होता. तो मी आजही खोटा म्हणणार नाही. पण मला राग आला होता. अजून आहे थोडा. जाईल तो. पण लवकर जावा म्हणून माझ्या मागे लागू नकोस."

मी मान हलवली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "शाळेत काय शिकवता?"

"पाचवीला परिसर अभ्यास. आठवीला इतिहास-भूगोल."

"आणि आपला विषय?"

"तो शाळेत नसतो." त्या हसल्या. मग माझ्या एम.ए.चं विचारलं, कुठले पेपर, कोण शिकवतं, पुस्तकं मिळतात का. गाडी आली तेव्हा त्या अजून सांगतच होत्या, आधी काय वाचायचं आणि काय नंतर वाचलं तरी चालेल. अर्धं वाक्य तोंडात ठेवून त्या महिलांच्या डब्यात चढल्या.

मी खिडकीखिडकीतून बघत गाडीबरोबर चालत राहिले. त्यांना बसायला कोणी जागा देतंय का, एवढंच मला बघायचं होतं. दिली नाही. इगतपुरीपर्यंत त्या उभ्यानंच गेल्या असतील.