सतरा नंबरचा ठसा

तोफगोळ्यांच्या कारखान्यात त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. तो सतरा नंबर. गोळा मापात उतरला की तपासनीसाने त्याच्या बुडावर आपल्या नंबराचा ठसा मारायचा, अशी तिथली रीत. सतराचा ठसा दिसला की गोळा डोळे झाकून घ्यावा, असा त्याचा लौकिक होता.

लढाईवर निघताना मोठे साहेब म्हणाले होते, "बिनघोर जा, तुमची जागा राखून ठेवतो." शब्द द्यायला काय, जिभेला हाड नसतं! जुना मुकादम मात्र व्यवहारी. त्याने सतराच्या बायकोलाच त्याच्या तपासणीच्या बाकावर बसवलं आणि ठसा तिच्या हाती दिला. जागा घरातच राहिली.

चार वर्षांनी तो परतला तेव्हा गोळ्यांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. गरज सरो, वैद्य मरो. मुकादम वारला होता, बायको बांधणी खात्यात खोकी बांधत होती. नवे साहेब अर्धे तपासनीस कमी करायला निघाले होते. लढाईच्या चार वर्षांत ज्यांच्या ठशाचे गोळे जास्त बाद निघाले, ते आधी घरी. सतरा नंबरचे निघाले एकेचाळीस, सगळ्यांत जास्त.

"अहो, तेव्हा मी आघाडीवर होतो! तोफेत गोळा अडकला की पास करणाऱ्याला शिव्या घालत होतो!"

"मग ठसा कुणी मारला? नाव सांगा. त्याला काढतो, तुम्हाला ठेवतो."

नाव ओठांवर आलं होतं. त्याला संताप आला, साहेबांचा, मेलेल्या मुकादमाचा आणि खरं सांगायचं तर बायकोचाही. पण ती त्या बाकावर बसली होती ती त्याच्याचसाठी, दोन-दोन पाळ्या करून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! त्याने नोकरी सोडल्याच्या कागदावर सही केली.

बायको कामावरून आली तेव्हा तो दारातच बसून बूट काढत होता.

"काय म्हणाले साहेब?"

"गोळेच लागत नाहीत, तर तपासनीस कशाला हवेत?"

"असं कसं? शब्द दिला होता ना मोठ्या साहेबांनी!" ती कडाडली. "मी चार वर्षं डोळ्यांत तेल घालून बसले. तुमच्या नंबराला एक डाग लागू दिला नाही!"

"ठाऊक आहे गं मला," तो म्हणाला. दुसऱ्या बुटाची गाठ काही केल्या सुटत नव्हती.