दोन फोनांच्या मध्ये

कुडाळ स्टेशनवर गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीचा गज धरून थोडं अंतर चालले. "पोचलंस काय फोन कर गो बाय," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. आई बाकावर बसून राहिली. तिने बांधून दिलेल्या तळलेल्या सुरमईचा वास पनवेलपर्यंत डब्यात होता. साल २००३. मी मुंबईत नर्स होते, आणि आता इंग्लंडला, लेस्टरच्या एका हॉस्पिटलात निघाले होते. मुंबईला आमच्या तारकर्लीत कुणी परगाव मानत नाही. हे मात्र खरंखुरं जाणं होतं.

फोन कर म्हणायला सोपं, पण फोन आमच्या घरी नव्हताच. तो होता शेजारी, गणपतकाका आणि सुमनकाकीकडे. काका बाबांचे होडीतले भागीदार. मी कॉलिंग कार्डाचे आकडे दाबून फोन लावायचे, काका उचलायचे आणि माडांमधून आईला हाक मारायचे. ती हाक मला लेस्टरमध्ये ऐकू यायची. आई धावत येईपर्यंत कार्डावरची मिनिटं सरत असायची, आणि काका तेवढ्यात आज कोणती मासळी लागली ते सांगून घ्यायचे.

मग माझ्या लेस्टरच्या घरात ब्रॉडबँड आलं. हेडसेट लावायचा, कॉम्प्युटरवरून थेट काकांचा नंबर फिरवायचा. इंटरनेटवरून निघालेला आवाज कुठेतरी वाट बदलून त्यांच्या साध्या तारेच्या फोनमध्ये शिरायचा. मिनिटांची घाई संपली, पण एक नवीन काळजी लागली. आवाज पोचायला वेळ लागायचा. आई "हॅलो" म्हणायची, पलीकडून काहीच येत नाही म्हणून फोन ठेवून द्यायची. काकांनी हे लवकर ओळखलं. "वायच थांब गो, तिचो आवाज वाटेत आसा," असं ते आईला समजवायचे. मला म्हणायचे, "घागरीतसून बोलल्यासारख्या वाटता."

तुमच्यापैकी जे बाहेर आहेत त्यांना ही काळजी ठाऊक असेल. बाबांची तब्येत कशी आहे असं विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत ती शांतता ऐकत बसायचं. दर वेळी वाटायचं, आवाज वाटेत आहे की आई काही लपवते आहे? वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांना मी तोंडावरून ओळखते, पण इथे तोंडच दिसत नव्हतं.

२००९ची दिवाळी होऊन गेली होती. माझी सुट्टी होती. चहा घेत कॉम्प्युटर उघडला तर कोकण किनाऱ्यावर वादळ आल्याची बातमी. मी लगेच काकांकडे फोन लावला. आईने उचलला.

"वारो सुटलो हा," ती म्हणाली. "होडी अजून येवक नाय."

बाबा आणि काका पहाटेच दोन खलाशांना घेऊन गेले होते. वीज गेली होती, गावातले मोबाईल बंद पडले होते. काकांचा तारेचा फोन तेवढा चालू, पण त्यावरून बाहेरगावी लावायची सोय नव्हती. आई आणि काकी त्याच्याजवळ बसून होत्या. मी म्हटलं, बाबा होडीवर नेतात तो मोबाईल मी इथून लावत राहते.

लावत राहिले. दर वेळी तीच बाई, त्याच शांत आवाजात, संपर्क होऊ शकत नाही म्हणून सांगायची. चहावर साय धरली. आणि मग एकदम रिंग गेली.

"कोण? बाय?" बाबांचा आवाज बसला होता. "देवगडाक आसंय. बंदरात."

त्यांच्या मोबाईलमधले पैसे संपले होते, आलेला फोन तेवढा घेता येत होता. मी रडतच म्हटलं, "बाबा, थांबा, आईला यातच जोडते. तिघं बोलू."

"थंय कोण आसा?"

"आई आणि काकी. दोघी."

ते काही बोलले नाहीत. मी सवयीने थांबले. आवाज वाटेत असेल. पण मागून बंदरावरच्या माणसांचा गलका स्वच्छ ऐकू येत होता. आवाज अडला नव्हता. बाबा अडले होते.

"जोड," ते म्हणाले.

आई उचलताच म्हणाली, "तुमी बरे आसात मा?"

"बरो आसंय. फोन सुमनीक दी."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर ऐकू आली.

"बोला भावजी," काकी म्हणाली. "हे खंय आसत?"

"सुमन, गणपताक लाटेन नेल्यान. आमी खूप सोदलो. नाय गावलो."

मी माझा माइक बंद केला. समोर स्क्रीनवर फोन तोडायचं लाल बटण होतं. हे ऐकण्याचा हक्क मला नव्हता. पण मी निघाले असते तर त्यांचाही फोन तुटला असता. देवगड आणि तारकर्ली, एकाच किनाऱ्यावरची दोन गावं, आणि मधली तार माझ्या हातात. मी बसून राहिले.

काकीने विचारलं, "हे जेवले होते?"

"तो जेवलो होतो. माझ्यावांगडा, एकाच डब्यातसून."

काकांचा देह पुढे मिठबावच्या किनाऱ्याला लागला. बाबांनी नंतर होडी विकली.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात मी गावी गेले. तोवर मला वाटायचं, घर म्हणजे फोनचं पलीकडचं टोक, जिथे सगळं घडतं आणि मला उशिरा कळतं. काकीकडे जायला पाय उचलत नव्हता. तिने मला बघितलं, पाट सरकवला, सोलकढीची वाटी पुढे ठेवली.

"तेव्हा तू फोनार होतंस मा?"

"होतंय."

"शेवटपर्यंत?"

मी मान डोलावली.

"बरा झाला," काकी म्हणाली. "घरचा कोणतरी होता."