खंडोबा तापला

पिंगळीचा भागवत भुईमुगाची शेंग सोलावी तसा मोबाइल उघडतो. यंदा त्यानं बिनतारी चार्जिंगचा पाट बनवला. सासरे सटवाजीमामा म्हणाले होते, "चालला तर दुकानाला जागा देतो."

मामांनी थाटात फोन पाटावर ठेवला आणि थोड्याच वेळात कव्हरमधून धूर निघाला. मामांनी कव्हर ओढून काढलं. आत खंडोबाचा तांब्याचा टाक, चटका बसेल इतका तापलेला.

"मामा, मधी धातू आला की तोच तापतो," भागवत कसाबसा म्हणाला.

"देव तर समद्यांच्याच फोनमागं हाय. तुमच्या पाटाला ओळखू येऊ नये का, जावईबापू?"

धातू ओळखून बंद पडायची सोय भागवतनं पाटात ठेवलीच नव्हती.

"जागा तुमचीच हाय," मामा भाजलेली बोटं फुंकत म्हणाले, "पण पाटाला अक्कल आल्यावर."