कासऱ्यासारखं हॅन्डल

लढाई संपल्यावर लष्करानं विकायला काढलेली एक मोटारसायकल माझ्या थोरल्या भावानं घरी आणली, आणि तिथूनच माझं डोकं फिरायला लागलं. अजून ते पुरतं जाग्यावर नाही.

दादा म्हणजे बैलगाडी शर्यतीतला नावाजलेला गडी. सुटलेली जोडी तो नुसता कासरा ओढून जागेवर उभी करायचा. तेच त्याच्या हातात मुरलेलं. समोर काही आडवं आलं की तो दोन्ही मुठी छातीकडं ओढायचा. बैल थांबतात हो त्यानं! पण या गाडीची उजवी मूठ आपल्याकडं पिळली की पेट्रोल वाढतं. थांबायच्या ऐवजी गाडी उधळायची आणि दादासकट उसात शिरायची.

मी पलटणीत अशाच गाडीवरून टपाल पोचवलेलं. पडून, उस्तादाच्या शिव्या खाऊन शिकलेलो. म्हणालो, "दादा, ह्यो कासरा न्हाई. मोकळ्या रानात चल, नुसतं थांबायचं शिकवतो."

ओसरीवरून वडील गरजले, "थोरल्याला शिकवतोस व्हय रं?"

झालं. थोरल्यानं धाकट्याकडून शिकायचं नाही, मग जीव गेला तरी चालेल! दादा सांगलीला गेला आणि ब्रेक बदलून आला. पुन्हा उसात गेला, तेव्हा टायर बदलले. मग कुणा मिस्त्रीनं मोठा कार्बोरेटर चढवून दिला. "आता बग, कशी पळती!" दादा म्हणाला. पळत होतीच की. थांबत नव्हती, त्याचं काय?

वहिनीच्या भावाचं लग्न रहिमतपूरला होतं. तिला बैलगाडीनं जाऊ द्या म्हणून मी घसा कोरडा केला. दादा हसला आणि तिला मागं बसवून निघाला. गाव दिसायला लागलं आणि एक म्हैस आडवी आली. दादानं मुठी ओढल्या. नव्या कार्बोरेटरनं आपलं काम चोख केलं. दोघं गाडीसकट रस्त्याच्या मोरीखाली गेले. दादाला खरचटलं. वहिनीचं उजवं मनगट मोडलं. हाडवैद्यानं बसवलं ते वाकडंच बसलं. त्या हातानं तिला पुन्हा भाकरी थापता आली नाही, आणि घरात सगळे बोलत होते ते त्या म्हशीबद्दल. मला त्या म्हशीचा राग आला नाही. ती तिच्या चालीनं चालली होती.

दादा परत सांगलीला! गाडी पुसून, लिंबू-मिरची बांधून, एका सकाळी अंगणात उभा. "चल गं, माहेराला जाऊन येऊ. ब्रेक लय भारी लावल्यात."

सासऱ्यांसमोर कधी तोंड न उघडणारी वहिनी बाहेर आली. पदर नीट केला आणि वाकडं मनगट त्याच्यापुढं धरलं.

"आवं, ह्ये बी बदलून मिळतंय का सांगलीत, इचारलंसा का?"

दादानं गाडी बंद केली. वहिनी आत गेली. वडील ओसरीवरून मला म्हणाले, "उद्यापास्नं शिकव त्येला."

मी तोंड उघडलं असतं तर बापाला शिवीच दिली असती.