कानसेनांची परीक्षा

दुकानात सगळे त्यांना कानसेन म्हणत. स्पीकरच्या दोन वायरी आलटून पालटून लावायच्या, त्यांनी डोळे मिटून ऐकायचं आणि मान हलवली की गिऱ्हाइकाने तीच वायर घेऊन जायचं. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं. हिच्यात आवाज मोकळा होतो, असं ते म्हणाले की पुढे कुणी शंका काढत नसे.

मग एका गिऱ्हाइकाने काढलीच. तांबं ते तांबं, त्यात फरक कसला, म्हणाला. मालकांना ते झोंबलं. येत्या रविवारी पडद्याआड वायरी बदलू, कानसेन चारचौघांत दहा वेळा ओळखून दाखवतील, असं त्यांनी परस्पर सांगून टाकलं.

कानसेनांनी धास्तीच घेतली. शेवटी शनिवारी सकाळी सरावासाठी त्यांनी मुलीला कपाटामागे बसवलं. ती दर खेपेला "बदलली" म्हणे आणि ते सांगत, ही मोकळी, ही जरा कोंदट, ही मघाचीच. आठव्या खेपेनंतर ती बाहेर आली, पण त्यांच्याकडे बघेना.

"बाबा, मी वायर बदललीच नाही. एकदाही नाही."

ते थापा मारत नव्हते. फरक खरंच ऐकू आला होता. त्याचीच तर भीती वाटली. नसलेलं इतकं स्पष्ट ऐकू येत असेल, तर आजवर ऐकलेल्यातलं खरं किती? मुलगी पाणी देऊन काहीतरी समजावत होती. आपण हिचा आवाज तरी नीट ऐकतोय का, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

रविवारी दहातल्या पाच बरोबर आल्या. नाणं उडवलं असतं तरी तेवढ्याच आल्या असत्या. शंकेखोर गिऱ्हाईक गालातल्या गालात हसलं; मालक म्हणाले, पाच म्हणजे काही थोड्या नव्हेत.

दुसऱ्या दिवशी एका बाईंनी दोन वायरी पुढ्यात ठेवल्या. कानसेनांनी त्या लावून न बघताच परत सरकवल्या.

"मला फरक कळत नाही हो. स्वस्तातली घ्या."

एवढा जाणकार माणूस आणि किती साधा, असं म्हणत बाई महागडीच घेऊन गेल्या. कानसेनांनी मालकांकडे गोदामातलं काम मागितलं. मालकांनी महिनाभर थांबायला सांगितलं. ते थांबले, पण रोज दुकानाचं दार ढकलताना आज कोण वायरी पुढ्यात ठेवेल याची भीती असायची.