कंपनीची नजर

मोलगीच्या बाजारात कालीबाईच्या नादी कोणी लागत नाही. आमचूर विकायला आली की आधी व्यापाऱ्याचा तराजू स्वतः उचलून बघते, मग भाव ऐकते. माझ्या जीपमध्ये बसली की मी गाडी हळू चालवतो म्हणून मलाच शिव्या घालते. मी धुडकू, मूळचा शहाद्याकडचा, जन्म गेला या डोंगरात गाडी हाकण्यात. अशा बाईला एका साध्या शब्दानं फसवलं, याचा मला अजून संताप येतो.

तिची मुलगी रविना आश्रमशाळेत नववीला होती, पण आजारपणामुळे बहुतेक घरीच असायची. तिला सिकलसेल, रक्ताचा जन्मापासूनचा आजार. गारठा लागला की सांधे ठणकायचे, कधी छातीत कळ यायची. एक दिवस हृदयाचे ठोके मोजणारे मनगटी पट्टे बनवणारी कंपनी गावात आली. असे पेशंट एकगठ्ठा त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार होते! कंपनीचा साहेब हसत म्हणाला, "पट्टा फुकट आहे मावशी. रात्रंदिवस आमची नजर राहील पोरीवर."

कालीबाईचा चेहराच उतरला. परक्याची नजर, तीही आजारी पोरीवर! साहेबाची पाठ वळताच तिनं पट्ट्याच्या आतल्या हिरव्या दिव्याला तव्याची काजळी फासली. दृष्ट लागायला नको म्हणून.

दुसऱ्याच दिवशी कंपनीची पांढरी गाडी दारात! आमच्या या रस्त्यावर यायला अँब्युलन्सच्या नाकीनऊ येतात, आणि हे बघा, हजर. "रेकॉर्ड बंद पडलंय," म्हणत साहेबानं काजळी पुसली, थोडा रागावलाही. नजर म्हणजे लक्ष ठेवणं, काळजी घेणं, असं त्यानं समजावलं. रविना कशी आहे ते मात्र विचारलं नाही.

कालीबाई खूश. मला म्हणाली, "पाह्यं का, धुडकूभाऊ? दिवा झाकाय गया ते गाडी उनी. पोर बिमार पडनी ते उडत ई!" नुसता दिवा झाकला तर गाडी आली, मग पोर आजारी पडल्यावर उडतच येईल; आता ती चूक म्हणायची का? डोळ्यांनी बघितलं होतं तिनं.

भादव्यात रविनाला कळ सुरू झाली. मी सकाळी गेलो तर पोर गोधडीत आखडून पडलेली, धाप लागलेली.

"चाल बहीण, गाडीमा टाक तिले," मी म्हटलं.

"थांब ना. कंपनीनी गाडी ई ऱ्हायनी."

गाडी येतेय म्हणून कोणी सांगितलं तिला? कोणीच नाही. पट्ट्यावर ठोक्यांचे आकडे चढत होते, दिवा लुकलुकत होता, म्हणजे साहेबाला तिकडे सगळं दिसतंय, असा तिचा हिशेब. मी ओरडलो, हातापाया पडलो. ती माझ्यावरच उखडली. दुपार झाली तेव्हा मी तिला बाजूला सारून पोरीला उचललं. मोलगीच्या दवाखान्यात नंदुरबारला न्यायला सांगितलं. अक्कलकुव्याच्या अलीकडेच रविना गेली. कालीबाई तिचा हात धरून बसली होती.

पुढच्या आठवड्यात साहेब आला. पट्टा न्यायला.

"फार वाईट झालं, मावशी," तो म्हणाला. मग त्याला राहवेना. "पण रविनाचं रेकॉर्ड फार मोलाचं आहे हो. कळ यायच्या आधीपासून अगदी शेवटपर्यंत, कुठे तुटलेलं नाही. असं बाहेर कोणाकडे नाही. आता आमचा नवा पट्टा आधीच इशारा देईल." तो पट्टा शहरात दुकानात विकला जाणार होता, हे त्यानंच सांगितलं. लाज कशी वाटली नाही मेल्याला!

कालीबाईनं विचारलं, "त्या दिन तुमले दिसत व्हतं का?"

"तेव्हाचं तेव्हा कोणी बघत नाही. ते नुसतं साठत जातं. आम्ही नंतर बघतो."

तिनं पट्टा देऊन टाकला. साहेबानं तिथूनच पुढच्या गावात फोन लावला, उद्या पेशंट गोळा करा म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या जीपमध्ये येऊन बसली. "मले तठे सोड." त्या गावात आया आपल्या पोरांना घेऊन रांगेत उभ्या होत्या. कालीबाई रांगेच्या तोंडाशी गेली आणि भिलीत एकेकीला सांगत सुटली, "दिवा पेटला तरी कोणी येत नाही. पोराला उचला आणि पळा."

साहेब तिला आवरायला धावला. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "पण तुला कसं माहीत, बाई?"

कालीबाई म्हणाली, "मी वाट बघत बसले."