काकीचा रकाना

एकोणीस वर्षांची असताना मला जगातले सगळे ख्रिस्ती ओळखता येत होते. मिशन कंपाउंडातल्या रविवारच्या शाळेत मी लहान मुलांना शिकवायची. फळ्यावर खडूनं दोन रकाने आखायची. डावीकडे कॅथलिक: क्रूसाची खूण करतात, मरियेला विनवतात, मेलेल्यांसाठी प्रार्थना करतात. उजवीकडे प्रॉटेस्टंट, म्हणजे आपण: यातलं काहीच करत नाही. एका पोरीनं विचारलं, "मग आपण करतो काय?" मी म्हटलं, "आपण बरोबर असतो."

बिशपवाल्या मंडळीनं मात्र मला फार छळलं. पोपला मानायचे नाहीत, आणि झगे, मेणबत्त्या सगळं हवं. त्यांना मी मधल्या रेघेवरच लिहून ठेवलं. पुढं त्या रेघेवरच्याच एकाशी माझं लग्न झालं, ती गोष्ट वेगळी.

पण आमच्या घरातच एक बाई कुठल्याच रकान्यात मावत नव्हती. माझी थोरली काकी. सावंतवाडीकडची, जन्मानं कॅथलिक. काका मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तिला लग्नासाठी गगनबावड्याचा घाट चढवून त्यांनीच आणलं. लग्न आमच्या चर्चमध्ये लागलं म्हणून तिच्या लोकांनी तिला सोडलं. आमच्या लोकांनी धरलं नाही. चर्चचं सभासद व्हायचं तर पंचांपुढं उभं राहून जुना पंथ सोडला असं म्हणावं लागे. काकी म्हणायची, "आयनं बाप्तिस्म्याचं पाणी घालून आणलं मला. ते काय पुसून टाकू?" त्यामुळं दर रविवारी ती शेवटच्या बाकावर बसे, आणि सभासदांपुरती असलेली प्रभुभोजनाची थाळी आली की हात न लावता पुढं सरकवी.

काका वारले, त्यांना आमच्या मिशनच्या स्मशानात पुरलं. तेव्हापासून दिवस कलला की काकी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर लसूण सोलत बसायची आणि त्यांच्याशी बोलायची.

"वडगावच्या बाजारात मिरची चढलीया." मग थांबायची. सालं पडत राहायची. "व्हय, म्या पण तेच म्हणलं."

ते थांबणं मला सहन व्हायचं नाही. उत्तराला जेवढा वेळ लागावा तेवढीच ती थांबायची. कधी थोडं, कधी बरंच. नजर पाट्याशेजारच्या कोपऱ्यात. काका जिवंतपणी तिथंच बसून विडी ओढायचे. मी घाईनं दिवा लावायला जायची, तर म्हणायची, "ऱ्हाऊ दे गं. डोळ्यावर येतंय त्यांच्या."

मग काकीच्या पायांवर सूज आली, धाप लागायला लागली. तिनं माझ्या वडिलांकडं एवढंच मागितलं, "भावजी, मला ह्यांच्या शेजारी ठेवा." काकांच्या शेजारची जागा रिकामीच होती. पण स्मशान सभासदांचं. वडील स्वतः पंच, त्यांनी बैठकीत विषय काढला. बाकीचे पंच म्हणाले, कॅथलिक बाई आहे, तिच्या लोकांनी न्यावी. तिचे लोक म्हणाले, ती कधीच गेली आमच्यातनं. वडिलांचं जेवण तुटलं. शेवटी चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, मी येऊन बघतो.

मी लगेच शहाणपणा केला. "बाबा, एकच विचारा. मेलेल्यांसाठी प्रार्थना करते का? करत असली तर कॅथलिक, नसली तर आपली."

वडील म्हणाले, "तुझी शाळा रविवारी असती न्हवं?"

दुपारी पाळकसाहेब आले, वडील बरोबर होते. काकी आतल्या खोलीत कॉटवर, भिंतीकडं तोंड करून पडलेली. मी चहा देऊन पडद्याआड उभी राहिले. साहेबांनी घोटभर चहा घेतला, कप खाली ठेवला आणि नेमका माझाच प्रश्न विचारला. "काकी, मेलेल्यांसाठी प्रार्थना करता तुम्ही?"

"न्हाई की."

मला हायसं वाटलं.

"बोलते."

"कुणाशी?"

"ह्यांच्याशी." नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलं नाही, तेव्हाही नाही.

साहेबांनी पुढचा प्रश्न विचारायला नको होता. पण माणूसच ते. "काय म्हणतात ते?"

काकी थांबली. रोजच्यासारखीच, उत्तराला लागेल तेवढी. मग भिंतीकडं बघतच म्हणाली, "म्हणत्यात, साहेबास्नी बिनसाखरेचा च्या दिलाय पोरीनं."

पाळकसाहेबांनी कपाकडं बघितलं. वडिलांनी पडद्यामागच्या माझ्याकडं. साखरेचा डबा फळीवर होता तिथंच होता; खोलीत काय चाललंय ते ऐकायच्या घाईत मी त्याला हातच लावला नव्हता. काकीनं त्या चहाला तोंड लावलेलं नव्हतं, साहेब चहाबद्दल एक अक्षर बोलले नव्हते.

 मग साहेब उठले. दारात वडिलांना म्हणाले, "नवऱ्याशी बोलणारी बाई कॅथलिक का प्रॉटेस्टंट, हे आमच्या नियमांत कुठं नाही."

"मग, साहेब?"

"मग नवऱ्याशेजारी."

उन्हाळा संपायच्या आत काकी तिथं गेली. मातीला अजून ओल नव्हती, ढेकळं फोडून घालावी लागली. नंतरच्या रविवारी मी फळ्यावर रकाने आखले नाहीत. पोरांना वाटलं खडू संपला.

पुढं आमची आणि बिशपवाली मंडळी एक झाली, बिशप आमचेही झाले, माझी मधली रेघ पुसून गेली. आता माझे हेही त्याच स्मशानात आहेत. संध्याकाळी लसूण सोलताना मी त्यांना मिरचीचा भाव सांगते. थांबून बघते. ते काही बोलत नाहीत. जिवंतपणी तरी कुठं बोलत होते.

परवा पाहुणे आले होते. नातीनं त्यांना चहा नेला. मी मागच्या खोलीत अंधारात टेकले होते. ती परत आली तशी मी म्हटलं, "साखर राहिली गं."

ती दचकली. "आज्जी, तुला कसं कळलं?" आणि दिव्याच्या बटणाकडं हात नेला.

मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे."